पावडरीऐवजी वॉश बॉल

वहिनींनी आणलेले वॉश बॉल आज आम्ही मशीनमध्ये वापरून पाहिले. प्लास्टिकच्या जाळीदार गोळ्यात सिरॅमिकचे बारीक मणी असतात आणि पावडरीची गरजच उरत नाही, असा दावा खोक्यावर छापलेला आहे. केवळ घाम आणि धूळ लागलेले कपडे खरोखर स्वच्छ निघाले. मात्र तसेच कपडे नुसत्या पाण्यात फिरवले तेव्हाही फरक दिसला नाही, कारण घामातील क्षार पाण्यात विरघळतात आणि धूळ घुसळण्यानेच सुटते. शेवभाजीच्या तर्रीचा डाग बाहीवर जसाच्या तसा राहिला, कडेला पिवळट आणि हाताला तेलकट. एका टोकाने तेलाला आणि दुसऱ्या टोकाने पाण्याला धरणारा रेणू साबणात, डिटर्जंटमध्ये आणि रिठ्यातील सॅपोनिनमध्ये असतो. या मण्यांत तो नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९९ मध्येच अशा गोळ्यांच्या एका विक्रेत्याच्या दाव्यांवर कारवाई केली होती. केळीच्या चिकाचे डाग तर डिटर्जंटलाही दाद देत नाहीत, हे रावेर-यावलकडच्या घरांना सांगायला नको.

तरीही पावडर कमी व्हावी, असे मला मनापासून वाटते. बोअरच्या जड पाण्यात फेस येत नाही म्हणून आपण ती वाढवत जातो आणि ते सांडपाणी नाल्यांतून तापीकडे जाते. म्हणून रोजच्या सुती कपड्यांसाठी रिठ्याची टरफले फडक्यात बांधून कोमट पाण्यात टाकावीत आणि तेलकट कपड्यांनाच पावडर, तीही मोजून, वापरावी, असे मी वहिनींना सुचवले आहे.