बर्फाळ धूलिकणावर हायड्रोजनच्या उड्या : सिम्युलेशन कुठवर आलं

ताऱ्यांमधल्या ढगातल्या 0.1 मायक्रॉन त्रिज्येच्या बर्फाळ धूलिकणावर हायड्रोजनचे अणू कसे उड्या मारत फिरतात, याचं कायनेटिक मॉन्टे कार्लो मॉडेल (यदृच्छ संख्या वापरून एकेक उडी आणि तिचा वेळ ठरवणारं) आता 10 केल्विनला नीट चालतंय. जाळी 1000 × 1000 घरांची, समोरासमोरच्या कडा जोडलेल्या. एवढ्या कणावर अणू बसण्याच्या जागाही साधारण दहा-बारा लाखच असतात.

आधी सगळ्या घरांना एकच बंधनऊर्जा (अणूला घरात धरून ठेवणारी ऊर्जा, इथे केल्विनमध्ये मोजलेली) दिली: 450 केल्विन, उडीचा अडथळा तिच्या निम्मा, कंपनांची वारंवारता सेकंदाला 10¹². ही उत्तरं कॅल्क्युलेटरवर पडताळता येतात. सेकंदाला सुमारे 170 उड्या. अणू कणावरून सुटून वायूत उडून जायला सरासरी वर्षाहून थोडं जास्त. वायूत घन सेंटिमीटरला एक हायड्रोजन अणू आणि आदळलेला प्रत्येक अणू चिकटतो असं धरलं, तर पुढचा अणू यायला 19 तास. तोवर पहिल्याच्या कोटीभर उड्या होतात, त्यामुळे दुसरा आल्यावर गाठ पडतेच, आणि भेटले की दोघे जुळून हायड्रोजनचा रेणू होतो. (170 हा चारही दिशांचा एकत्रित दर. तोच प्रत्येक दिशेला दिला की सगळं चौपट पळतं.)

खरा बर्फ अस्फटिकी, ओबडधोबड. म्हणून घराघराची ऊर्जा वेगळी केली. खरी मेख इथे आहे. अडथळा 'निघायच्या घराच्या निम्मा' असाच ठेवला, तर प्रोग्रॅम निमूट चालतो आणि साफ चुकीचं उत्तर देतो. जायची आणि यायची उडी एकाच शिखरावरून व्हायला हवी. म्हणून: दोन घरांतल्या उथळ घराच्या ऊर्जेचा निम्मा, आणि उडी खोलातून उथळाकडे असेल तर वर दोघांतला फरक. 600 च्या खड्ड्याभोवती सगळी घरं 450 ची असतील, तर चुकीच्या नियमाने अणू 11 सेकंदांत बाहेर पडतो, बरोबर नियमाने पाच तासांहून जास्त घेतो! चाचणी सोपी आहे: उडून जाणं बंद करा, एकच अणू सोडा. 50 केल्विनने खोल घरात तो सुमारे 148 पट वेळ दिसला पाहिजे.

20 केल्विनला वेगळीच अडचण. घड्याळ लाखभर वर्षांवर, म्हणजे 3 × 10¹² सेकंदांवर पोचलं की 64 बिटांच्या दशांश संख्येत अर्ध्या मिलिसेकंदाहून बारीक काही मावत नाही, आणि एक उडी तर मायक्रोसेकंदाच्याही आत. बेरीज होते, घड्याळ मात्र जागचं हलत नाही. पूर्ण सेकंद पूर्णांकात आणि उरलेला अंश वेगळा ठेवल्यावर ते चालू झालं. आणखी एक: उडीचा वेळ 0 ते 1 मधल्या यदृच्छ संख्येच्या (u) लॉगॅरिदमवरून काढतात; त्यात u ऐवजी 1−u घाला. पायथनचा random() शून्य देऊ शकतो, आणि शून्याचा लॉगॅरिदम निघत नाही.

पुढची पायरी कार्बन मोनॉक्साइड. तिथे अभिक्रियेलाच अडथळा आहे, त्यामुळे 'भेटले की जुळले' हा नियम काढून अभिक्रिया आणि पुढची उडी यांची शर्यत लावावी लागेल.