तुम्ही विचारलंत म्हणून : जखम पायाला, मग डोळे पिवळे का?

सोलापुरात वॉर्डाबाहेरच्या बाकावर हा प्रश्न हमखास येतो. ‘आईला शुगर आहे, पाय चिघळला म्हणून ॲडमिट केलं. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे. लिव्हर गेलं का हो?’ बहुतेक वेळा गेलेलं नसतं. फक्त पित्त बाहेर टाकायचं त्याचं काम मंदावलेलं असतं.

लिव्हर रोज साधारण अर्धा ते पाऊण लिटर पित्त तयार करतं. लिव्हरच्या पेशी ते शेजारच्या अतिसूक्ष्म नलिकेत सोडतात. त्यासाठी पेशीच्या आवरणात प्रथिनांचे पंप असतात. एक पित्तक्षार बाहेर टाकतो, दुसरा प्रक्रिया झालेलं बिलिरुबिन, म्हणजे डोळे पिवळे करणारं रंगद्रव्य. पायातल्या पूवातले किंवा लघवीतले जंतू खुद्द लिव्हरपर्यंत पोचायलाच हवेत असं नाही. ई. कोलाय, क्लेबसिएला अशा जंतूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष रक्तातून तिथं गेलं तरी पुरतं. लिव्हरमधल्या कुप्फर नावाच्या पहारेकरी पेशी ते टिपतात आणि टीएनएफ, इंटरल्युकिन अशी दाह वाढवणारी रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे पंप आवरणावरून पेशीच्या आत ओढले जातात, नवे पंपही कमी बनतात. बिलिरुबिनवरची प्रक्रिया होत राहते, अडतं ते शेवटच्या पायरीला.

म्हणून रिपोर्ट साधारण असा दिसतो: टोटल बिलिरुबिन ६.४, त्यातलं डायरेक्ट (म्हणजे प्रक्रिया झालेलं) ४.९, एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की वाढणारं) ७०, अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त अडलं की वाढणारं) दुप्पट. विषाणूंच्या काविळीत एसजीपीटी बऱ्याचदा हजाराच्या घरात जातं, इथं ते जेमतेम वाढतं. उसाच्या फडात, चिखलात काम करणाऱ्याला ताप, पोटऱ्या दुखणं, भरपूर बिलिरुबिन आणि सोबत क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारा आकडा) वाढलेलं असेल, तर लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, विचार आधी करायचा.

सोनोग्राफी मात्र टाळू नका. पित्तनलिका फुगलेल्या नसतील तर वरचं सगळं जुळतं. फुगलेल्या असतील, खडा असेल, हुडहुडी भरून ताप आणि उजवीकडे बरगडीखाली दुखत असेल, तर प्रकरण वेगळं. तिथं नलिकाच तुंबलेली असते आणि जंतू त्या तुंबलेल्या पित्तात असतात. नुसत्या अँटिबायोटिकवर ते सहसा भागत नाही, एंडोस्कोपीने नलिका मोकळी करावी लागते आणि तीही लवकर. सुरुवातीला नलिका फुगलेली दिसेलच असं नाही, त्यामुळे लक्षणं जोरदार असतील तर एका नॉर्मल सोनोग्राफीवर विसंबू नये.

पायाच्या रुग्णाचा इलाज पायावरच. पहिल्या अँटिबायोटिकआधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का, कोणते, ही तपासणी) घ्यायचं, पण त्यासाठी डोस लांबवायचा नाही. मग पू काढायचा, सडलेला भाग साफ करायचा. गाडी अडते ती इथंच. अक्कलकोट-मंगळवेढ्याकडचे असोत की शहरातले, नातेवाईक म्हणतात, ‘आधी कावीळ उतरू दे, मग ऑपरेशन.’ पू आत असेपर्यंत ती उतरणार कशी? माळ आणि उतारा यात दोन दिवस जातात, तेवढ्यात पायाची बोटं जातात. वर उसाचा रस पाजतात, तोही शुगरच्या पेशंटला!

ऑपरेशनआधी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, बघतात. आतड्यात पित्त कमी पडलं की व्हिटॅमिन के नीट शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. १० मिलिग्रॅम व्हिटॅमिन के शिरेतून सावकाश देऊन दुसऱ्या दिवशी आयएनआर पुन्हा करतात. सुधारलं तर कमतरताच होती. नाही सुधारलं तर लिव्हरच्या कामाकडे नीट बघावं लागतं.

औषधांवरही नजर हवी. को-ॲमॉक्सिक्लॅव या अँटिबायोटिकने पित्त अडू शकतं, कधी गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीही.

ताप गेला, भूक लागली, लघवीचा रंग निवळला, पण डोळे अजून पिवळेच, याची धास्ती घेऊ नका. थोडं बिलिरुबिन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटलेलं असतं. ते लघवीतून जात नाही, अल्ब्युमिनसोबत दोन-तीन आठवड्यांत निम्मं होतं. ताप परत आला किंवा आठवड्यानंतरही आकडा चढताच राहिला, तर पू कुठं राहिला आहे का, ते शोधायचं.

तान्ह्या बाळाचं गणित निराळं. दोन आठवड्यांनंतरही पिवळं दिसत असेल तर कोवळ्या उन्हात धरून बसू नका, डायरेक्ट बिलिरुबिन तपासा. ते वाढलेलं असेल तर लघवीचं कल्चरही हवं, कारण लघवीचं इन्फेक्शन कधीकधी एवढ्या एकाच खुणेने समोर येतं. शी पांढरट होत असेल तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या. पित्तनलिका जन्मतः बंद असल्या तर ऑपरेशन ६० दिवसांच्या आत झालेलं बरं.