शहापूरचा पीसी, नोंद तिसरी: २ मिनिटं ३१ सेकंद

मामांचा संथ पीसी लवकर सुरू व्हावा म्हणून माझी खटपट चाललीय. मागच्या नोंदीतला आकडा आठवत असेल: बटण दाबल्यापासून लग्नपत्रिकेची फाइल उघडेपर्यंत ४ मिनिटं १० सेकंद. यंत्र तेच, बेळगावात शहापुरातल्या मामांच्या छापखान्यातलं. कोअर आय-थ्री, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, विंडोज १०. एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क, घाल म्हणून मागच्या नोंदी वाचून तुम्ही सगळे मागं लागलाय. घालणार आहे, खरं आधी याच डिस्कवर वेळ किती खाली येतोय ते बघायचंय. हट्ट म्हणा.

रविवारी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधला स्टार्टअप टॅब उघडला, म्हणजे पीसीबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी. १७ नोंदी, त्यातल्या निम्म्यांवर 'हाय', म्हणजे सुरू होताना जास्त भार टाकणारे. या शिक्क्यावर फार जाऊ नका. सुरू होताना सीपीयूचा १ सेकंदापेक्षा जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन केलं की 'हाय'. ३ एमबी म्हणजे आजकाल काहीच नाही. त्यापेक्षा मथळ्याच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'डिस्क आय/ओ ॲट स्टार्टअप' हा रकाना चालू करा, खरे खादाड तिथं दिसतात. तीन अपडेटर, एक चॅटिंगचं ॲप, आणि केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरची शाई मोजणारा एक इमानदार प्रोग्राम. सगळे डिसेबल. वेळ आली २:५०.

मग हात शिवशिवले. उरलेलंही बंद केलं, २:१९ आलं, खुशीत घरी गेलो.

सोमवारी सकाळी फोन. "अरे, काय करून ठेवलायस? 'चि. सौ. कां.' टाइप करायला गेलो तर इंग्रजी अक्षरं पडायलीत!"

मराठी आणि कन्नड, दोन्ही कीबोर्डांचे प्रोग्राम त्याच यादीत होते. परत चालू केले तर जुनं दुखणं वर आलं: दोघांचा शॉर्टकट एकच. जो आधी उठेल तो शॉर्टकट धरतो, दुसरा गप्प बसतो, आणि आधी कोण उठेल याचा नेम नाही. मामा इतकी वर्षं 'एक दिवस मराठी लागतं, एक दिवस कन्नड' म्हणत होते ते हेच. मला वाटायचं, कीबोर्डच गेलाय.

उपाय: कन्नडवाल्याच्या सेटिंगमध्ये शॉर्टकट बदलला, त्याला स्टार्टअपमधून काढलं आणि टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्राम सुरू करणारी विंडोजची सोय) 'ॲट लॉग ऑन'वर ३० सेकंदांचा डिले देऊन बसवलं. त्याला ॲडमिन परवानगी लागते, म्हणून 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस'वर टिक. रोजची परवानगीची खिडकीही गेली.

शेवटी सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स चालवलं, आपोआप सुरू होणारं सगळं दाखवणारं मायक्रोसॉफ्टचंच साधन, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवून. पिवळ्या ओळी चार, म्हणजे फाइलच जाग्यावर नाही. नुसती टिक काढा, डिलीट करू नका. चुकलं तर परत लावता येते.

वेळ मोजताना रीस्टार्टच करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउननंतरचा आकडा फसवा येतो, कारण कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, हायबरनेट होऊन (डिस्कवर जसाच्या तसा साठवून) बसलेला असतो, पहिल्यापासून सुरू होत नाही.

तीन रीस्टार्टची सरासरी २:३१. मामांनी कॅबिनेटवर स्टिकर छापून लावलाय, वर कन्नडमध्ये, खाली मराठीत: 'विचारल्याशिवाय हात लावू नये.' दोन्ही कीबोर्ड एकाच बैठकीत चालले, एवढं त्यावरून कळलं.