स्ट्रीम नव्हे, बेक

आज यॉर्कशरमधल्या मॅलम गावी गेलो असताना, मॅलम कोव्ह या सुमारे ८० मीटर उंचीच्या चुनखडीच्या कड्याखालून बाहेर पडणारे पाणी पाहून मी शेजारी उभ्या असलेल्या एका आजींना या स्ट्रीमचे नाव विचारले. "हा बेक आहे, मॅलम बेक," असे सांगून त्यांनी काठीने पाण्यातला एक गुळगुळीत दगड हलवून दाखवला, जणू तोच पुरावा.

अर्थ दोहोंचा ओढा हाच. फरक आहे तो कुळाचा. स्ट्रीम हा जुन्या इंग्रजीतून आलेला, सर्वत्र चालणारा शब्द, तर बेक हा नवव्या-दहाव्या शतकांत उत्तर इंग्लंडात वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांनी आणलेला आणि त्यामुळे मुख्यतः त्यांच्याच वस्तीच्या भागांत टिकलेला. लीड्समधल्या होल्बेकच्या नावातही तोच दडला आहे. तिथून इतक्यांदा जाऊनही माझ्या ते ध्यानात आले नव्हते. आणखी उत्तरेला, स्कॉटलंडमध्ये, ओढ्याला ‘बर्न’ म्हणतात.

आमच्या सिंधुदुर्गात घरामागून वाहतो तो व्हाळ. शाळेच्या निबंधात मी तसे लिहिले, तेव्हा गुरुजींनी तांबड्या शाईने खोडून वर ‘ओढा’ लिहिले होते. ओढा म्हटले की मला आजही पुस्तकातले चित्र दिसते, आणि व्हाळ म्हटले की दगडाखालच्या कुर्ल्या आठवतात. आजींनी ‘व्हाळ’ दोनदा म्हणून पाहिला. त्यातला ‘ळ’ मात्र त्यांना काही केल्या जमला नाही.