आधी सुई, मग मशीन

सात वर्षांच्या मुलीच्या हातात सुई देताना भीती वाटली नाही का, आणि शिवण शिकवायचेच होते तर सरळ मशीनवर का बसवले नाही, हे दोन प्रश्न आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या घरी येणाऱ्या बहुतेक बायका विचारतात. तुम्हीही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भीतीचे उत्तर थोडक्यात देता येते. सुई टोचते, थेंबभर रक्त येते आणि पुढच्या खेपेस मूल ती जपून धरते. कात्री मात्र मी माझ्याच हाताशी ठेवते, आणि उठण्यापूर्वी सुया मोजून डबीत गेल्याच पाहिजेत, यावर तिच्या आजोबांचा कडक पहारा असतो.

मशीनचे उत्तर लांबते. मशीनचे दात कापड आपणच पुढे सरकवतात, वरचा दोरा आणि बॉबिनचा, म्हणजे खालच्या छोट्या रिळाचा, दोरा एकमेकांत अडकून टीप पडते, आणि हे सारे इतके झटपट होते की मुलाला कापडाचा स्वभाव कळायला उसंतच मिळत नाही. मांजरपाटाचा तुकडा उभ्या धाग्याच्या दिशेने ओढला तर फारसा हलत नाही, आडवा ओढला तर किंचित देतो आणि उरेब, म्हणजे तिरका, ओढला की चांगलाच ताणतो, हे माझ्या मुलीने स्वतः ओढून पाहिले. त्यानंतर गळ्याच्या गोलाईला उरेब पट्टीच का लावतात, हे तिला वेगळे समजावावे लागले नाही. शाहू महाराजांनी 1906 साली सुरू केलेली गिरणी बंद पडली असली, तरी इचलकरंजीचे यंत्रमाग जवळच आहेत. सरावाला सुती कापड आपल्याकडे महाग पडत नाही.

खरी सुरुवात झाली ती वाकळीवर, म्हणजे गोधडीवर. तिच्या पणजीच्या जुन्या लुगड्यांचे थर अंथरून कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचा, एवढेच काम. ओळ वाकडी गेली म्हणून वाकळीची ऊब कमी होत नाही. दोरा बोटांपासून कोपरापर्यंतच घ्यायचा, कारण लांब दोऱ्याचा गुंता होतो. मुलांना सुई जाड आणि मोठ्या नेढ्याची द्यावी. विकत घेताना ध्यानात ठेवा, हातसुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते आणि मशीनची सुई त्याच्या उलट, म्हणजे साध्या सुती कापडाला 14 आणि जीन्ससारख्या जाडाला 16. सुरुवातीला ती दोरा इतका आवळायची की ओळीला चुण्या पडत. मग अंगठ्याच्या नखाने कापड दोऱ्यावरून मागे सारत ओळ सपाट करायला शिकली. पुढे दोरा कुठे थांबवायचा, हे तिच्या बोटांनाच कळू लागले.

मुलीचे टाके रात्री गुपचूप उसवून नीट घालून ठेवणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. मला ते मुळीच पटत नाही. आपला टाका कोणता, हे मुलांना बरोबर ओळखू येते.

आता ती पायमशीनवर बसते, पण बिनदोऱ्याची. जुनी बोथट सुई लावून वहीच्या रेघी कागदावर नुसती भोके पाडत जायचे; पायडल चुकले आणि चाक उलटे फिरले, तरी तुटायला दोराच नसतो. भोके रेघेवर पडू लागली की बॉबिन भरायला शिकवीन. मोटर मात्र, तिच्या बाबांनी कितीही आग्रह धरला तरी, इतक्यात बसवू देणार नाही.