मनॅसस जंक्शन ते अपोमॅटॉक्स स्टेशन

लेक व्हर्जिनियात राहते. तिच्याकडे आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी गेलो होतो, आणि तिसऱ्या आठवड्यातच मला करमेनासं झालं. छत्तीस वर्षं रेल्वेत काढली, सुरुवातीला असिस्टंट स्टेशन मास्टर, पुढची एकोणीस वर्षं सेक्शन कंट्रोलर, म्हणजे कुठली गाडी कुठे थांबवायची, कुठली पुढे सोडायची हे फोनवरून ठरवणारा. ज्याच्या कानात कायम कुणीतरी 'कंट्रोल, कंट्रोल' ओरडत असायचं त्याला तिथल्या वस्तीतली शांतता सोसत नाही. जावई म्हणाले, "बाबा, अमेरिकेच्या यादवी युद्धातलं एक रणांगण इथून जवळ आहे. मनॅसस जंक्शन."

जंक्शन म्हटल्यावर मी बूट घालायला घेतले.

रणांगण म्हणजे हिरवी टेकडी, कुंपणं, ओळीने मांडलेल्या तोफा आणि घोड्यावर बसलेला, पैलवानासारखा घडवलेला दक्षिणेचा जनरल स्टोनवॉल जॅक्सन. सगळे त्याचा फोटो काढत होते. मी तिथल्या रेंजरला विचारलं, रूळ कुठे आहेत? त्याने दक्षिणेकडे हात केला. जंक्शन काही मैल पलीकडे, आजच्या मनॅसस गावात. ऑरेंज अँड अलेक्झांड्रिया लाइन आणि मनॅसस गॅप लाइन तिथे मिळायच्या. पहिली वॉशिंग्टनच्या दारातून व्हर्जिनियाच्या पोटात जाणारी, दुसरी पश्चिमेला शेनान्डोआ खोऱ्यात. नकाशावर एवढं पाहिलं आणि लढाई इथेच का झाली हे मला कुणी सांगायची गरज उरली नाही.

२१ जुलै १८६१. गुलामगिरी असलेली दक्षिणेची राज्यं संघराज्यातून फुटली होती आणि उत्तरेचं, म्हणजे संघराज्याचं, सैन्य त्यांच्यावर वॉशिंग्टनहून चालत आलं. मागोमाग काही हौशी मंडळी घोडागाड्यांतून, खायचे डबे घेऊन, लढाई बघायला आली होती. दुपारपर्यंत उत्तर जिंकत होती. पण दक्षिणेचा जनरल जोसेफ जॉन्स्टन खोऱ्यातली आपली फौज रेल्वेने आणवत होता. एकेरी मार्ग, इंजिनं मोजकी, म्हणजे एक गाडी रिकामी करायची, परत पाठवायची आणि पुन्हा भरायची. जॅक्सनच्या ब्रिगेडला तीस-पस्तीस मैलांना आठ तास लागले म्हणतात. आमच्याकडे एखाद्या मालगाडीने इतका वेळ खाल्ला असता तर सकाळच्या कॉन्फरन्सला साहेबांनी माझी सालं काढली असती. तरी त्या गाड्या पोचल्या. शेवटची तुकडी तर ऐन लढाईच्या दुपारी उतरून थेट मैदानात गेली, आणि उत्तरेची फौज वॉशिंग्टनपर्यंत पळाली. युद्ध महिन्या-दोन महिन्यांत आटपेल ही समजूत त्या संध्याकाळी संपली.

मला नाद लागला तो तिथपासून. जावयांनी वाचनालयातून नकाशांची जाडजूड पुस्तकं आणून दिली. मी पेन्सिल घेऊन रूळ गिरवत बसायचो आणि ही स्वयंपाकघरातून विचारायची, "कुठवर आली गाडी?" ही निवृत्त शिक्षिका, शाळेत इतिहास शिकवायची, त्यामुळे प्रश्नात खोच असायचीच.

माझा सिद्धांत असा होता की या युद्धातल्या मोठ्या लढायांची नावं खोडून तिथे स्टेशनांची नावं लिहावीत. एप्रिल १८६२ मधली शायलोची लढाई घ्या. शायलो हे जंगलातल्या एका छोट्या प्रार्थनाघराचं नाव. दोन दिवसांत दोन्हीकडचे मिळून तेवीस हजारांहून जास्त लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्या प्रार्थनाघरासाठी कोण लढतंय? लढाई होती तिथून वीसेक मैलांवरच्या कॉरिंथसाठी. मिसिसिपी नदीकडून पूर्वेला जाणारी मेम्फिस अँड चार्ल्स्टन लाइन आणि उत्तर-दक्षिण जाणारी मोबाइल अँड ओहायो लाइन कॉरिंथला एकमेकींना ओलांडतात. उत्तरेचा जनरल ग्रँट पहिल्या दिवशी बेसावध सापडला, रात्रीत कुमक आली, दुसऱ्या दिवशी त्याने गमावलेलं सगळं परत घेतलं. मे संपता संपता कॉरिंथ उत्तरेच्या हातात गेलं आणि दक्षिणेचा पूर्व-पश्चिम कणाच मोडला.

व्हिक्सबर्गचंही तेच. लोक म्हणतात नदीची लढाई, आणि ते खरंच आहे; ४ जुलै १८६३ ला ते शरण आलं, मग पाचच दिवसांनी पोर्ट हडसन, आणि मिसिसिपी तोंडापर्यंत मोकळी झाली. पण ग्रँट नदी ओलांडून थेट व्हिक्सबर्गवर गेला नाही. आधी पूर्वेला जॅक्सन गावी गेला, तिथली रेल्वे उखडली, मग वळून त्याच लाइनच्या कडेने शहरावर आला. आमच्या भाषेत, आधी ब्लॉक घेतला, म्हणजे लाइन बंद केली, मग काम केलं.

गेटिसबर्ग मात्र माझ्या वहीत नीट बसत नव्हतं. तिथे जंक्शन नाही. १८६३ साली ते शेवटचं स्टेशन होतं, पूर्वेकडून येणारी लाइन गावात संपायची. दहा रस्ते मात्र एकत्र येतात, आणि फौजा त्या रस्त्यांनीच एकमेकींवर येऊन आदळल्या. तीन दिवसांत सुमारे ५१,००० माणसांची हानी. मी तिथे गेलो तेव्हा सगळे शेवटच्या दिवशीच्या, दक्षिणेच्या जनरल पिकेटच्या हल्ल्याची जागा बघायला चालले होते. मी गेलो गावाच्या पश्चिमेला, अर्धवट सोडलेल्या रेल्वे कटिंगकडे. लाइन पुढे न्यायची म्हणून टेकडी कापली होती, पण रूळ पडलेच नव्हते. पहिल्या दिवशी दक्षिणेचे, मिसिसिपी राज्यातले काही सैनिक आयता खंदक मिळाला म्हणून त्यात उतरले. ज्याने कधी कटिंगमध्ये उभं राहून दोन्ही बाजूंना पाहिलंय त्याला कळेल, बाजू उंच, वर चढता येत नाही. उत्तरेचे विस्कॉन्सिनचे लोक वरच्या काठावर येऊन उभे राहिले, आणि खालच्यांना बंदुका टाकाव्या लागल्या.

लढाई संपल्यावर तुटलेली लाइन दुरुस्त करून हजारो जखमी बाहेर काढले ते उत्तरेची लष्करी रेल्वे सांभाळणाऱ्या हर्मन हॉप्टच्या माणसांनी. या हॉप्टबद्दल मराठीत कुणी का लिहीत नाही कळत नाही. अभियंता माणूस. १८६२ मध्ये पोटोमॅक क्रीकवर त्याने चारशे फूट लांबीचा पूल कच्च्या, सालासकटच्या लाकडांचा, नऊ दिवसांत उभा केला. लिंकन बघून आला आणि म्हणाला, यावरून तासातासाला भरलेल्या गाड्या जातात, आणि त्यात घेवड्याच्या वेलाच्या काठ्या आणि मक्याच्या ताटांपलीकडे काही नाही!

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, जिच्यावर मी जावयांना दोन तास पिडलं.

सप्टेंबर १८६३. दक्षिणेने ठरवलं की व्हर्जिनियातून जनरल लॉन्गस्ट्रीटच्या बाराएक हजार लोकांना जॉर्जियाला पाठवायचं. नॉक्सव्हिलवरून सरळ मार्ग साडेपाचशे मैलांचा होता, पण नॉक्सव्हिल नुकतंच शत्रूने घेतलेलं. मग कॅरोलायना, ऑगस्टा, अटलांटा असा नऊशे मैलांचा वळसा. डझनभर वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइनी. त्यात गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, एक नाही. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनात बहुतेक चार फूट साडेआठ इंच, त्याखाली पाच फूट. म्हणजे वाटेत उतरा, सामान उतरवा, दुसऱ्या गाडीत चढवा. मनमाडला मीटरगेजचा माल ब्रॉडगेजवर चढवताना ज्याने पाहिलाय त्याच्या डोळ्यांसमोर हे सगळं आपोआप येईल. लढाई सुरू झाली तेव्हा निम्मेच लोक पोचले होते. तेवढ्यांनीही २० सप्टेंबरला चिकामॉगाला उत्तरेची फळी फोडली आणि हरलेलं सैन्य चॅटनूगात कोंडलं गेलं.

मग उत्तरेची पाळी. युद्धमंत्री स्टँटनने मध्यरात्री बैठक बोलावली, लिंकनला झोपेतून उठवून आणलं. व्हर्जिनियातून वीस हजारांवर माणसं, तोफा आणि घोड्यांसकट, बाराशे मैल हलवायची. लिंकनला ते पटेना. स्टँटनने रेल्वे कंपन्यांच्या प्रमुखांना बसवून वेळापत्रक ठरवलं आणि सगळ्या लाइनींवर सरकारी हुकूम चालवला. बारा दिवसांच्या आत माणसं पोचली. नोव्हेंबरात चॅटनूगा मोकळं झालं. दक्षिणेच्या सेनापतींत कसर नव्हती. त्यांच्याकडे कंट्रोल ऑफिस नव्हतं, इतकंच माझं म्हणणं.

हे सगळं मी मोठ्या आवाजात सांगत असायचो. मग एका रविवारी ही म्हणाली, "मला अँटीटम बघायचंय. तुमच्या रुळांशिवायचं."

मेरीलँडमधलं शार्प्सबर्ग. मक्याचं शेत, एक खोलगट पडलेला रस्ता, एक दगडी पूल. १७ सप्टेंबर १८६२ ला या एवढ्या जागेत एका दिवसात २३,००० च्या आसपास माणसं मेली, जखमी झाली, हरवली. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसात एवढं रक्त पुन्हा सांडलं नाही. "इथे तुमचं स्टेशन कुठंय?" हिने विचारलं. मी म्हटलं, लढाई तशी बरोबरीतच सुटली. दक्षिणेचा सेनापती ली नदी ओलांडून परत गेला आणि उत्तरेच्या मॅक्लेलनने पाठलाग केला नाही. यावर हिने मला वर्गातल्या पोराला समजावतात तसं समजावलं. लिंकनच्या खणात गुलाममुक्तीचा मसुदा उन्हाळ्यापासून पडून होता. पराभवानंतर काढला तर हताशपणा वाटेल म्हणून तो एका विजयाची वाट बघत होता. एवढा अर्धा विजय त्याला पुरला. पाच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, त्याने प्राथमिक घोषणा केली. १ जानेवारी १८६३ ला ती लागू झाली. युद्ध संघराज्य टिकवायला सुरू झालं होतं, ते आता गुलामगिरी मोडायचं युद्धही झालं, आणि इंग्लंड-फ्रान्सला दक्षिणेचा हात धरणं अवघड होऊन बसलं. "आणि तुम्ही रूळ रूळ करता," ती म्हणाली, "ते टाकले कोणी?"

मी गप्प झालो, कारण एकोणीस वर्षं ज्या खात्याच्या जिवावर माझा चार्ट चालायचा ते गँगमनचं खातं होतं, आणि दोन महिने नकाशे गिरवूनही हा प्रश्न मला पडला नव्हता. घरी येऊन वाचलं. दक्षिणेतले बहुतेक रूळ गुलामांनी टाकले. काही कंपन्यांनी माणसं विकत घेतली, बऱ्याच जणींनी मालकांकडून वर्षाच्या बोलीवर भाड्याने आणली. भराव, कटिंग, स्लीपर, सगळं. युद्धात तुटलेली लाइन जोडायलाही त्यांनाच जुंपलं. कॉरिंथ, अटलांटा, पीटर्सबर्ग, माझ्या वहीत गोल केलेलं प्रत्येक जंक्शन. आणि उत्तरेची फौज जवळ आली की हीच माणसं घरदार घेऊन तिच्याकडे चालत जायची. पुढे एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय लोक उत्तरेच्या सैन्यात भरती झाले, त्यातले बरेचसे कालपर्यंत गुलाम असलेले.

वही मी बंद केली नाही, पण हात जरा हळू चालायला लागला.

१८६४ चा ऑगस्ट उत्तरेसाठी वाईट होता. ग्रँट व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गसमोर अडकलेला, माणसं वारेमाप मेलेली, आणि आपण निवडणूक हरणार असं लिंकनने स्वतः कागदावर लिहून ठेवलेलं. मग उत्तरेचा जनरल शर्मन याने अटलांटा घेतलं. अटलांटा तर रेल्वेनेच जन्माला घातलेलं गाव. चार लाइनींपैकी एकेक तोडत तो गेला. शेवटची मेकन लाइन जोन्सबरोला तुटल्यावर दक्षिणेच्या जनरल हूडने आपल्याच दारूगोळ्याच्या गाड्या उडवून दिल्या आणि शहर सोडलं. २ सप्टेंबर. नोव्हेंबरात लिंकन निवडून आला. शर्मनचा स्वतःचा पुरवठा लुइव्हिलपासून ४७३ मैलांच्या एकेरी लाइनवर होता. एक लाख माणसं आणि पस्तीस हजार जनावरं, १९६ दिवस. त्यानेच हिशेब दिलाय की हे गाड्यांशिवाय करायचं तर सहा खेचरांच्या ३६,८०० वॅगनी लागल्या असत्या. सिंगल लाइनवर ही वाहतूक चालवणाऱ्या त्या अनाम कंट्रोलरांना माझा दंडवत.

पीटर्सबर्गवर फार लिहीत नाही. साडेनऊ महिने खंदक, आणि एकामागून एक तोडलेल्या लाइनी. १ एप्रिल १८६५ ला फाइव्ह फोर्क्सची लढाई झाली, साउथ साइड लाइन हातची गेली, दुसऱ्याच दिवशी लीने पीटर्सबर्ग आणि राजधानी रिचमंड सोडलं.

परतीच्या तिकिटाच्या आधीच्या आठवड्यात जावयांनी सुट्टी घेतली आणि आम्ही लीच्या माघारीच्या वाटेने गेलो. अमेलिया कोर्ट हाउसला थांबलो. ४ एप्रिलला लीची उपाशी फौज इथे पोचली, कारण इथे रसद येऊन थांबलेली असेल अशी त्याची अपेक्षा होती. डबे उघडले, आत तोफखान्याचं सामान. दाणा नाही. खेड्यांतून धान्य गोळा करण्यात एक अख्खा दिवस गेला आणि तेवढ्यात ग्रँटच्या लोकांनी पुढची वाट अडवली. चूक कोणाची, मागणी पोचलीच नव्हती की काय, यावर नंतर कित्येक वर्षं वाद चालला.

मी एकदा रात्रपाळीत खताचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, सिमेंटच्या सायडिंगला पाठवला होता. चार्जशीट मिळाली, एक इन्क्रिमेंट थांबली. अमेलियाला मी बराच वेळ उभा राहिलो. ही काही बोलली नाही.

तिथून अपोमॅटॉक्स. लोक कोर्ट हाउस गावातलं मॅक्लिनचं घर बघतात, जिथे ९ एप्रिलला सह्या झाल्या. आदल्या संध्याकाळी तिथून तीनेक मैलांवरच्या अपोमॅटॉक्स स्टेशनवर उत्तरेच्या जनरल कस्टरच्या घोडदळाने लीसाठी आलेल्या रसदीच्या गाड्या पकडल्या होत्या. सकाळी लीने शेवटचा जोर लावून पाहिला. पुढे घोडदळ, आणि घोडदळ बाजूला झाल्यावर मागे पायदळाची रांग, त्यात कृष्णवर्णीय पलटणीही. दुपारी शरणागती.

गावातलं जुनं स्टेशन आता प्रवाशांना माहिती देण्याचं ठिकाण आहे. रूळ मात्र वापरात आहेत. आम्ही बाहेर उभे असताना मालगाडी आली, लांबच लांब, कोळशाची. ही म्हणाली, "घ्या, मिळालं स्टेशन." सवयीने माझा हात ऑलराइट, म्हणजे 'सगळं ठीक'ची खूण, द्यायला वर गेला. ड्रायव्हरने शिटी दिली. पुढे फाटक होतं, त्यासाठी असेल.