चांदीचा हात

आज मुलांना घेऊन नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलो होतो. पोरं तोफांच्या नळ्या मोजत सुटली आणि मी पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटपाशीच अडकलो.

या रेजिमेंटच्या निशाणावर एक उघडा पंजा असतो. त्याची गोष्ट थेट इराणची. ८ फेब्रुवारी १८५७, खुशाबची लढाई. ईस्ट इंडिया कंपनीच्या थर्ड बॉम्बे लाइट कॅव्हलरीच्या घोडेस्वारांनी संगिनी रोखून उभा असलेला इराणी पायदळाचा चौकोन फोडला आणि त्यांचं निशाण जिंकलं. काठीच्या टोकाला चांदीचा हात, त्यावर अरबी अक्षरं: 'ईश्वराचा हात सर्वांच्या वर आहे.' पुढे १९२१ मध्ये ही तुकडी पूना हॉर्समध्ये विलीन झाली आणि शत्रूचं निशाण घरचंच झालं! विलायतेतल्या सतराव्या लान्सर्स या घोडदळाच्या बिल्ल्यावरची कवटी आणि खाली 'ऑर ग्लोरी' (म्हणजे मृत्यू, नाहीतर कीर्ती) हे जरा नाटकीच वाटतं मला. त्यापेक्षा हा हात कितीतरी भारदस्त.

बाकी पूना हॉर्सचा जन्मही मजेशीरच. इंग्रजांशी झालेल्या १८१७ च्या जूनमधल्या तहानुसार पेशव्यांच्या खर्चाने उभी राहिली, आणि वर्षभराच्या आत इंग्रजांकडून पेशव्यांच्याच विरुद्ध लढली. पुण्याच्या माणसाने यावर काय बोलावं?

त्याच रेजिमेंटने १९६५ मध्ये तारापोर आणि १९७१ मध्ये अरुण खेत्रपाल असे दोन परमवीर दिले. खेत्रपाल तेव्हा फक्त २१ वर्षांचे. हे सांगितल्यावर थोरल्याने लगेच हिशोब केला, "म्हणजे दादापेक्षा लहान?"

फोटो उद्या टाकतो.